मोठी गाडी काही सांगत नाही

मी मुळात भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण दारात साडेतीनशे सीसीची गाडी उभी असली की तिचा मालक भित्रा असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मी कुत्र्याला भितो, विजेच्या कडकडाटाला भितो, इंजेक्शनची सुई बघितली की तोंड फिरवतो. आणि ही गाडी घेतल्यापासून रोज सकाळी तिच्यावर टांग टाकताना मी तिलाही भितो. दुकानात येणारी तरणी पोरं विचारतात, "आप्पा, मोठी गाडी घ्यावी का? परवडती का?" मी ऐटीत काहीतरी सांगतो. खरं उत्तर आजवर कुणालाच दिलेलं नाही.

बोरीत आमचं भांड्यांचं दुकान आहे, वडलांपासूनचं. आमच्या धंद्यात नुसत्या डोळ्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. लेकीच्या लग्नासाठी हंडा घ्यायला आलेली बाई तो आधी उचलून बघते, मग बोटानं टिचकी मारून वाजवते. आवाज बसका आला की हंडा बाजूला, मग तो कितीही चकाकू दे. लहानपणापासून हेच बघत आल्यामुळं मलाही तीच खोड लागली. वस्तूनं आपल्याशी बोललं पाहिजे, असं मला वाटतं. जी वस्तू बोलत नाही तिच्याजवळ माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

माझी जुनी गाडी बोलायची. शंभर सीसीची, घरात सगळे तिला बारकी म्हणायचे. लग्नानंतरच्या वर्षी घेतली आणि अठरा वर्षं वापरली. पेट्रोल संपत आलं की ती खोकायची, चेन ढिली झाली की खडखडायची. मागं बायको बसली की दोन्ही शॉकअप कुईं करायचे, गाडी जराशी डावीकडं कलायची आणि हँडल हलकं लागायचं. त्यामुळं "बसलीस का?" हा प्रश्न मी अठरा वर्षांत एकदाही विचारला नाही. गाडीच सांगायची, बसली म्हणून.

बायको साडीवर, म्हणजे एका अंगाला पाय सोडून बसायची. आमच्या घरात थोरामोठ्यांदेखत नवऱ्याच्या अंगाला हात लावायची पद्धत नाही. दारात आई बसलेली, समोरच्या ओट्यावर चार म्हातारे बसलेले. म्हणून गावातून जाताना ती सीटजवळचं लोखंडी हँडल धरायची आणि आम्ही दोघं एकमेकांचे कुणी नसल्यासारखे निघायचो. गावाबाहेरची पाण्याची टाकी मागं पडली की माझ्या खांद्यावर तिचा हात यायचा. हात आला की मी शेवटचा गिअर टाकायचो. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, काही आठवत नाही. आमच्या संसारातल्या बऱ्याच गोष्टी अशाच न बोलता ठरल्या.

तशीच एक गोष्ट ओढ्याची. तिचं माहेर देवगाव फाट्याच्या पलीकडं. आम्ही मधल्या रस्त्यानं जायचो. फाट्याच्या अलीकडं दहाएक किलोमीटरवर एक ओढा लागतो. त्यावरचा पूल कधीचा खचलेला, त्यामुळं रस्ता बाजूनं खाली उतरतो आणि पलीकडं उभा चढ चढतो. चढावर सगळी सुटी खडी. बारकीला त्या चढावर दोन माणसं ओढायची नाहीत. म्हणून मी उताराच्या तोंडाशी वेग कमी केला की बायको उतरायची. मी एकटा गाडी किंचाळवत वर जायचो आणि वरच्या बाभळीखाली थांबायचो. ती पदर सावरत, साडी घोट्याच्या वर धरून चालत यायची. शॉकअप कुईं करायचे, आणि आम्ही निघायचो. अठरा वर्षं, जाताना एकदा नि येताना एकदा.

मग मोठी गाडी का घेतली? माझी कंबर दुखायची हे एक कारण, आणि ते मी सगळ्यांना सांगतो. दुसरं कारण माझा साडू. बायकोच्या बहिणीचा नवरा. त्यानं माझ्या आधी मोठी गाडी घेतली. एका लग्नात मांडवासमोर सगळे पाव्हणे उभे असताना मी बारकीला किक मारली, आणि तो मोठ्यानं म्हणाला, "साडूभाऊ, ही गाडी हाय का शिलाई मशीन?"

मांडव हसला. माझ्या सासऱ्यांनीही तोंडावर उपरणं धरलं. मी हसण्यावारी नेलं, पण घरी येईपर्यंत कानशिलं तापलेली होती. माणसाला कंबरेचं दुखणं सोसतं, साडूचं बोलणं सोसत नाही. दोन महिन्यांत मी बारकी बदल्यात देऊन मोठी गाडी घेऊन आलो. बारकी शोरूमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांच्या रांगेत लावली होती. मी तिच्याकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही, याची मला अजून लाज वाटते.

नवी गाडी घरी आणतानाच मी घाबरलो. मूठ जराशी पिळली की ती अशी झेपावायची, की वाटायचं आपण मागं राहू आणि गाडी पुढं निघून जाईल. पहिल्याच आठवड्यात दुकानासमोर स्टँड नीट लागलं नाही आणि ती माझ्या अंगावर कलली. पूर्ण ताकद लावूनही मला ती सावरेना. समोरचा टेलर कात्री टाकून धावत आला म्हणून पाय वाचला. त्याला मी म्हणालो, "नवी हाय, अजून हाताखाली यायची हाय." रात्री मात्र पोटरी चोळत बसलो. बारकी पडली असती तर मी एका हातानं उचलली असती.

आणि ती काही बोलायची नाही. म्हणजे आवाज भरपूर, पण तो सगळा तिचा स्वतःचा. माझ्यासाठी त्यात एक अक्षर नाही. साठचा वेग चाळीससारखा वाटायचा. खड्डा कळायचा नाही. मागं बायको बसली तरी हँडल होतं तसंच आणि शॉकअप मुके. शोरूमवाला हेच कौतुकानं सांगत होता, "मागं माणूस बसलंय का न्हाई, पत्ता बी लागत न्हाई!" त्या वेळी मीही मान डोलावली होती.

बायको पहिल्यांदा त्या गाडीवर बसली ती ओट्यावर चढून. सीट उंच, पायरी लांब. सीटच्या मागं एक दांडी होती, ती तिनं दोन्ही हातांनी धरली. टाकी मागं पडली तरी खांद्यावर हात आला नाही. मी जरा वाट बघितली, मग शेवटचा गिअर टाकला. "भ्या वाटायलंय का?" मी विचारलं. "न्हाई," ती म्हणाली. ती खोटं बोलत होती, आणि मीही त्याच गाडीवर बसून बिनघोर असल्याचं नाटक करत होतो. होईल सवय, असं म्हणून मी सोडून दिलं.

त्या दिवशी आम्ही तिच्या माहेरी, भाच्याच्या बारशाला निघालो होतो. हिवाळा होता, सकाळचे दहा वाजले असतील. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर वाळून उभी होती. बाळासाठी दुकानातली चांदीची वाटी आणि पितळेचा करंडा घेतला होता. ती पिशवी मी हँडलला अडकवली. तिचा फोनही त्याच पिशवीत. माझ्या डोक्यावर नवं हेल्मेट. ते घातलं की बाहेरचं जग कापसात गुंडाळल्यासारखं वाटायचं.

ओढ्याच्या अलीकडं उतार सुरू झाला आणि समोरून मेंढरं आली. मोठा कळप होता. पुढं धनगर, मागं त्याची बायको नि सामान लादलेलं घोडं. सगळा रस्ता भरून मेंढरं माझ्याच अंगावर यायला लागली. मी उतारावरच थांबलो. इंजिन बंद करायची हिंमत झाली नाही, कारण ही गाडी उतारावर पुन्हा चालू करायची मला धास्ती वाटायची. एक पाय खडीवर, एक ब्रेकवर, दोन्ही हात मुठींवर आवळलेले. इंजिनाच्या धडधडीनं मेंढरं बिचकत होती, काही सायलेन्सरला घासून जात होती. गाडी घसरली तर चार-दोन खाली सापडतील, या विचारानं मला घाम फुटला. माझं सगळं ध्यान माझ्या पायात होतं. पाठीमागं काय चाललंय याकडं तसूभरही नव्हतं.

कळप सरला. मी ब्रेक सोडला, ओढा ओलांडला, आणि समोरचा चढ त्या गाडीनं असा चढला, जसा काही तो नव्हताच. बाभळीपाशी मी थांबलो नाही. थांबायचं कारणच उरलं नव्हतं. मला एकदम बरं वाटलं. मी मागं न बघता ओरडून म्हणालो, "बघ! आता उतरायची गरज हाय का?"

ती काही बोलली नाही. रागावली असेल असं वाटलं. सकाळी निघताना मी तिच्यावर उशिरावरून खेकसलो होतो. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की सुटतो. मग गप्प राहवेना म्हणून मी बोलायला लागलो. आधी तुरीच्या भावाचं बोललो, मग साडूला दोन शिव्या घातल्या. तरी ती गप्पच. तिचं गप्प बसणं म्हणजे ऐकणं, असंच मला नेहमी वाटत आलंय. आणि मग, कसं कोण जाणे, माझ्या तोंडून खरं निघून गेलं.

"तुला म्हनून सांगतो," मी म्हणालो, "मला ह्या गाडीचं लय भ्या वाटतंय. रोज वाटतंय. दुकानाकडं निघालो की पोटात गोळा येतो. साडूनं हिणवलं म्हनून घेतली, कंबरेचं उगं निमित्त. तू मागं बसली की आनखीच भितो. मला काय झालं तर झालं, पन तुला काय झालं तर मी काय करू? इकून टाकू का?"

एवढं बोलून मी थांबलो. आयुष्यात मी बायकोला असं कधी काही बोललो नव्हतो. डोळे भरून आले होते. हेल्मेटच्या आत ते कुणाला दिसणार नव्हते, म्हणून येऊ दिले. मागून उत्तर आलं नाही. बरोबरच आहे, एवढ्यावर ती तरी काय बोलेल, असं मला वाटलं.

फाटा आला. चहाच्या हॉटेलासमोर मी गाडी उभी केली, दोन्ही पाय टेकवले आणि म्हणालो, "उतर, चहा घेऊ." ती उतरेपर्यंत मी हलत नाही, ही जुनी सवय. मी वाट बघत राहिलो. हॉटेलवाला कपबशा विसळता विसळता माझ्याकडं बघत होता. मग त्यानं माझ्या मागं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं.

मी वळून बघितलं. सीट रिकामी होती.

त्यानंतरच्या काही क्षणांत मी काय काय केलं ते मला सलग आठवत नाही. सीटवर हात फिरवून बघितला एवढं आठवतं. सीट गार होती. खाली उतरून गाडीच्या पलीकडच्या अंगाला बघितलं, जशी काही ती तिथं लपून बसणार होती. हेल्मेट काढून टेबलावर टाकलं. तिला फोन लावला आणि माझ्याच हँडलला अडकवलेल्या पिशवीत तिचा फोन वाजायला लागला. वाटीवर आपटून तो किणकिणत होता. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"काय झालं, आप्पा?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"मंडळी पडली," मी म्हणालो. कारण माझ्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. पडली. कुठल्यातरी खड्ड्यात, कुठल्यातरी वळणावर ती मागच्या मागं पडली. आणि मला, तिच्या नवऱ्याला, पत्ताही लागला नाही.

मी गाडी वळवली. हेल्मेट टेबलावरच राहिलं. आता सांगतो, खरी भीती काय असते ती. जोरात जावं तर ती कुठं झुडपाआड पडलेली असली तर दिसायची नाही. हळू जावं तर तोवर उशीर व्हायचा. मी दोन्ही करत होतो. मूठ पिळायचो, गाडी झेपावली की घाबरून सोडायचो, नाल्याकडं बघायचो, पुन्हा पिळायचो. गळ्यातलं इष्टलिंग शर्टावरून मुठीत धरलं आणि एका हातानं ती अवजड गाडी चालवत राहिलो. ज्या गाडीला मी दोन हातांनी भीत होतो ती मी एका हातानं चालवतोय, हेसुद्धा तेव्हा लक्षात आलं नाही.

तुरीच्या कडेला काहीतरी निळं दिसलं. तिची साडी निळी होती. मी गाडी तशीच टाकून धावलो. खताचं रिकामं पोतं होतं. परत येऊन गाडी उचलली. कशी उचलली ते विचारू नका, पण उचलली. पुढं एका वळणावर पाचसहा माणसं वाकून काहीतरी बघत उभी होती. त्यांच्याजवळ जाईपर्यंत मी मनातल्या मनात परभणीला शिकणाऱ्या माझ्या लेकीला फोन केला आणि तिला काय सांगायचं तेच मला सुचेना. टेम्पोचं चाक पंक्चर झालं होतं, ती माणसं जॅक लावत होती. "हितं कोनी बाई पडलेली बघितली का?" मी विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि कुणीच हसलं नाही.

समोरून एक काळीपिवळी जीप हॉर्न वाजवत गेली. गच्च भरलेली. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी रस्त्याच्या कडेला बघत होतो, खाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्यानं ते कानापर्यंत जात होतं. मी मोठ्यानं काहीतरी पुटपुटत होतो. बारकी, बारकी असं काहीसं. मला त्या वेळी माझी जुनी गाडी हवी होती. ती असती तर पहिल्या हातभरातच तिनं मला सांगितलं असतं.

ओढा आला. कुणी नव्हतं. खडीवर नुसत्या मेंढरांच्या लेंड्या. मी चढावरून खाली उतरलो, पाण्याजवळ गेलो, दोन्ही बाजूंना बघितलं. पाणी घोट्याएवढंच होतं, तरी मी त्यात वाकून बघितलं. माणूस घाबरला की काय बघेल याचा नेम नसतो.

"कुनाला हुडकायलाव?" बोरीकडच्या काठावरून आवाज आला. ती मघाची धनगरीण होती. कळप शेजारच्या रिकाम्या रानात बसवून ती पाणी न्यायला आली होती.

"माझी मंडळी..." मी म्हणालो.

"निळ्या लुगड्याची? आवो, ती तर चांगली हाय! हितं उतरली की तुमच्या मागून. आमची मेंढरं आडवी आलती तवाच उतरली. तुमी निघालाव, तिनं हाका मारल्या, आमी बी मारल्या. तुमची गाडी लय वरडती, बाबा."

"उतरली? पडली न्हाई?"

"पडंल कशाला? आपल्या पायानं उतरली. चालत चढावर गेली, त्या बाभळीखाली बसली. मी म्हनलं, बाई, तुजा धनी तर गेला. तर म्हनती, न्हाई मावशी, येतील, ते न्हेमी हितंच थांबत्यात."

मी तिथंच खडीवर बसलो.

"लय वेळ बसली," ती सांगत होती. "मग काळीपिवळी आली. तिच्यात बसून फाट्याकडं गेली. तुमाला वाटंत गावली आसंल की." ती हसायला लागली होती, पण माझ्याकडं बघून थांबली. तिनं डोक्यावरची कळशी उतरवली आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी पाणी प्यालो, तोंडावर मारलं. ती जिवंत आहे हे कळल्यावर भीती जायला हवी होती. ती गेली नाही, नुसती बदलली. न्हेमी हितंच थांबत्यात, हे शब्द आता मला टोचत होते. अठरा वर्षं जो माणूस थांबला, तो त्या दिवशी त्याच बाभळीखालून मिरवत निघून गेला होता.

फाट्यापर्यंतचे ते दहा किलोमीटर मी परत कापले. जायची घाई होती आणि पोहोचायचं धाडस नव्हतं. ती मला काय म्हणेल? बोलणारच नाही कदाचित. तिथूनच माहेरी निघून जाईल, आणि मागून बारशात सगळ्या पाव्हण्यांसमोर मला एकटंच जावं लागेल. पुन्हा कधी माझ्या मागं बसणार नाही. आणि का बसावं तिनं?

ती त्याच टेबलावर बसलेली होती. मांडीवर माझं हेल्मेट. दोन्ही हातांनी धरलं होतं, जसं काही ते कुणी हिसकावून नेणार होतं. मला बघितल्यावर ती उठली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. माझ्या पँटला माती, शर्ट ओला.

"चा सांगा," ती म्हणाली.

मी दोन चहा सांगितले. ते आले, तसेच राहिले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "ओढा आला की उतरायचं आसतंय, म्हनून उतरले. माज्या ध्यानातच न्हाई आलं की ही गाडी येगळी हाय."

"चूक माझीच हाय."

"जीपमधून तुमाला बघितलं मी. हाक मारली. तुमी खाली बघत जायलते." तिनं मांडीवरच्या हेल्मेटकडं बघितलं. "रडायलते. डोक्याला हे बी न्हवतं. हितं आले तर हे टेबलावर. हाटेलवाला म्हनला, तुमची मंडळी पडली म्हनून आप्पा पळाले. तवापासून माजा जीव न्हाई थाऱ्यावर. म्हनलं, आता ह्यांनाच काय झालं तर?"

म्हणजे जितका वेळ मी तिला नाल्यांत शोधत होतो, तितका वेळ ती माझं हेल्मेट मांडीवर घेऊन भीत बसली होती. मी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

निघताना मी गाडीवर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "बसलीस का?" उत्तरादाखल खांद्यावर हात आला. भर फाट्यावर, हॉटेलात बसलेली दहा-पंधरा माणसं बघत असताना. नुसता टेकवलेला नव्हता, शर्ट मुठीत धरला होता. मी गिअर टाकला.

गोष्ट लपून राहिली नाही. त्याच वाटेनं बारशाला येताना चहाला थांबलेल्या साडूला हॉटेलवाल्यानं सांगितली, साडूनं साऱ्या पाव्हण्यांना. बायको सांडून आलेला माणूस म्हणून बारशात माझी पुरेपूर फजिती झाली. मी ठरवलं होतं, गाडी विकायची. घरी आल्यावर तसं बोललोही. तर बायको म्हणाली, "कशाला? ह्या सीटवर माजी कंबर दुखत न्हाई. बारकीवर अठरा वर्सं दुखली, तुमाला सांगितलं न्हाई एवढंच." कंबरेचं निमित्त करून मी गाडी घेतली होती, आणि घरात खरी कंबर दुखत होती ती तिची. ते ना मला कळलं होतं, ना बारकीनं सांगितलं होतं. म्हणजे जुनी गाडी सगळंच सांगायची, हाही माझाच भ्रम.

म्हणून पोरांनी विचारलं, आप्पा, मोठी घ्यावी का, की मी लांबचा पल्ला, कंबर, चढ असं सगळं सांगतो, आणि ते खोटं नाही. गाडी चांगलीच आहे. भीती मात्र अजून आहे. एकटा जात असलो तरी ओढा गेला की माझा हात आपोआप मागं जातो आणि सीट चाचपून येतो.

आता आम्ही घरातूनच निघतो ते खांद्यावर हात ठेवून. आई बघते, ओट्यावरचे म्हातारे बघतात. पहिले काही दिवस त्यांनी माना वळवल्या, आता कुणी बघतसुद्धा नाही. ओढा आला की मी उतारावर गाडी थांबवतो. दोघांना घेऊन ती सहज वर जाईल हे मला माहीत आहे, तरी मी म्हणतो, "उतर." ती उतरते. मी एकटा वर जातो, बाभळीखाली थांबतो आणि इंजिन बंद करतो.

मागच्या खेपेला ती चढ चढून वर आली आणि धापा टाकत म्हणाली, "त्या दिशी हितून फाट्यापत्तोर तुमी गप बसला आसताल, हे काय मला खरं वाटत न्हाई. काय बोलायलते एकटेच?"

"काय न्हाई. तुरीच्या भावाचं."

ती माझ्याकडं बघत राहिली. जीपमधून तिनं माझा चेहरा बघितला होता, हे मी विसरलो होतो. मग मी तिला सांगितलं, सगळं, अगदी त्याच शब्दांत. या वेळी मागं वळून, तिच्या तोंडाकडं बघून.

ती गाडीवर बसली. खांद्यावर हात आला आणि मागून ती हळूच म्हणाली, "भ्या मला बी वाटतंय."